डासाच्या पोटातली पंधरा मिनिटे

हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात दोन रूपांनी राहतो आणि दोन्ही रूपांची कामे निराळी असतात. पहिले रूप लाल रक्तपेशीत शिरते, तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर पोसते, एकाची पंधरावीस पिल्ले झाली की पेशी फोडून बाहेर पडते आणि नव्या पेशी धरते. फॅल्सिपेरम जातीत हे रहाटगाडगे दर ४८ तासांनी फिरते. थंडी वाजून येणारा ताप, पंडुरोग, मेंदूत चढणारा हिवताप ही सगळी या पहिल्या रूपाची करणी. दुसरे रूप म्हणजे गॅमेटोसाइट, युग्मके निर्माण करणारी पेशी. ती वाढून थांबते. विभागत नाही, रक्तपेशी फोडत नाही, ताप आणत नाही. डासाला लागण मात्र फक्त तिच्यापासूनच होते. डासाने ओढलेल्या रक्तात पहिल्या रूपाचे परजीवी कितीही असले तरी ते त्या रक्ताबरोबर पचून जातात.

सरकारी प्रयोगशाळेत रक्ताची काचपट्टी तपासणारा तंत्रज्ञ फॅल्सिपेरमच्या नोंदीपुढे एखाददुसरे अक्षर लिहितो. ‘आर’ म्हणजे अंगठीच्या आकाराचा कोवळा परजीवी, ‘जी’ म्हणजे गॅमेटोसाइट आणि दोन्ही दिसले तर ‘आरजी’. ‘आर’ची नोंद असलेला रोगी अंथरुणावर असतो. नुसत्या ‘जी’चा माणूस पुष्कळदा ताप उतरून कामाला लागलेला असतो आणि गावातल्या डासांच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगाचा ठरतो. शालेय पुस्तकांतल्या गोल चक्रात हा फरक एका बाणात उरकलेला असतो. प्रत्यक्षात त्या बाणाच्या पोटात परजीवीचे सगळ्यात अवघड काम दडलेले आहे. रक्तात असताना डासासाठी तयार होऊन थांबायचे, डासाच्या पोटात पडताच ते ओळखायचे आणि मिनिटांच्या हिशेबात नर व मादी युग्मके तयार करायची. हे सगळे एका पेशीला रासायनिक संदेशांच्या आधारे पार पाडावे लागते.

या घटनेचा शेवटचा भाग आधी दिसला आणि त्याचा अर्थ मागाहून लागला. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टँटाइनच्या लष्करी रुग्णालयात अल्फोन्स लाव्हरां हा फ्रेंच डॉक्टर एका आजारी सैनिकाचे ताजे, न रंगवलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. एका गोल, काळपट कण असलेल्या देहातून बारीक धागे बाहेर आले आणि आजूबाजूच्या रक्तपेशींना फटकारू लागले. इतकी जोरदार हालचाल जिवंत प्राण्याचीच असणार, हे त्याने ताडले. हिवतापाचे कारण एक परजीवी आहे हा शोध असा लागला आणि १९०७ मध्ये त्याला नोबेल मिळाले. ते धागे काय आहेत, हे मात्र लाव्हरांला कळले नव्हते. ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांना ते डासाच्या शरीरात पुढची वाढ करणारे बीजाणू वाटले. तर्क चुकीचा होता; पण त्याच तर्काने भारतात काम करणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांचे लक्ष डासाकडे वळवले. सिकंदराबादला १८९५ मध्ये त्यांनी डासाच्या पोटातल्या रक्तात हेच धागे फुटताना पाहिले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथेच डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवीची पुढची अवस्था शोधून काढली.

धाग्यांचा उलगडा त्याच वर्षी विल्यम मॅकॅलम या अमेरिकेत शिकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याने केला. कावळ्याच्या रक्तातल्या, हिवतापाच्या परजीवीशी नाते असलेल्या एका परजीवीत त्याला दोन तऱ्हेच्या पेशी दिसल्या. एकीतून धागे निघत, दुसरी नुसतीच गोल होऊन पडून राही. एक धागा सुटला, सळसळत गेला आणि दुसऱ्या पेशीत शिरला. थोड्या वेळाने ती पेशी लांबुळकी होऊन अळीसारखी सरकू लागली. धागा म्हणजे नर युग्मक, गोल पेशी म्हणजे मादी. धागे फुटण्याच्या घटनेला शास्त्रात आजही ‘एक्सफ्लॅजेलेशन’, म्हणजे शेपट्या बाहेर पडणे, असे म्हणतात. नाव अडाणीपणातून आलेले आहे, पण रुळल्यामुळे कोणी ते बदलत नाही.

डासाच्या पोटातली ही घटना लाव्हरांला काचेवर कशी दिसली? रक्ताचा थेंब काचपट्टीवर आला की गार होतो आणि त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे रक्ताची अल्कता वाढते. परजीवीला ही दोन्ही लक्षणे डासाच्या पोटाची वाटतात. लाव्हरांची काचपट्टी परजीवीला फसवत होती आणि त्याच फसवणुकीतून शोध लागला.

आता मूळ क्रमाने, म्हणजे रक्तापासून. एखादा परजीवी गॅमेटोसाइट व्हायचे कधी ठरवतो? फॅल्सिपेरममध्ये हा निर्णय बहुधा एक फेरी आधीच झालेला असतो. १९९० मध्ये एका प्रयोगात रक्तपेशींचा एकेरी थर पसरून, फुटणाऱ्या एकेका परजीवीची पिल्ले शेजारच्या पेशींत शिरल्यावर काय होतात ते पाहिले गेले. एका परजीवीची पिल्ले एक तर सगळी पुन्हा पहिल्या मार्गाने गेली किंवा सगळीच्या सगळी गॅमेटोसाइट झाली. आई फुटण्यापूर्वीच पिल्लांचा मार्ग ठरलेला होता. काही परजीवी पेशीत शिरल्यावर त्याच फेरीतही वळू शकतात, हे नंतर दिसून आले. पण मुख्य रीत पहिलीच.

निर्णय कोण घेतो, याचा सुगावा प्रयोगशाळेतल्या एका जुन्या अडचणीने दिला. विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी १९७६ मध्ये फॅल्सिपेरम माणसाच्या रक्तपेशींत काचपात्रात सतत वाढवण्याची पद्धत बसवली. वर्षानुवर्षे पात्रात राहिलेले काही वंश गॅमेटोसाइट बनवणेच सोडून देत. त्यात नवल नाही: पात्रात डास नसतो, तिथे वाट पाहत बसणारी पेशी म्हणजे वाया गेलेली पेशी, आणि ती न बनवणारा वंश संख्येने पुढे निघतो. उंदराच्या परजीवीतही सुईने एका प्राण्यातून दुसऱ्यात नेत राहिले की असेच होई. अशा बिघडलेल्या वंशांची जनुके तपासली तेव्हा बिघाड पुन्हापुन्हा एकाच जागी सापडला. एपी-२-जी हे त्या जनुकाचे नाव. २०१४ मध्ये दोन गटांनी, एकाने फॅल्सिपेरममध्ये आणि दुसऱ्याने उंदराच्या बर्घेई जातीत, ते स्वतंत्रपणे दाखवून दिले. या जनुकाचे प्रथिन डीएनएवर बसून लैंगिक विकासाची जनुके जागी करते. प्रथिनाच्या डीएनए पकडणाऱ्या भागाची ठेवण वनस्पतींतल्या एका प्रथिनकुळाशी जुळते. या परजीवीत वनस्पतीच्या वळणाच्या गोष्टी वारंवार भेटतात आणि त्या पुढे औषधांच्या कामी येतात.

रक्तातल्या नेहमीच्या फेरीत हे जनुक कुलूपबंद असते. एचपी-१ नावाचे प्रथिन त्या जागचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवते. जीडीव्ही-१ हे दुसरे प्रथिन आले की ते एचपी-१ला तिथून हुसकावते, जनुक मोकळे होते, आणि मग तयार झालेले एपी-२-जी स्वतःच्याच जनुकावर बसून त्याचे काम आणखी वाढवते. एकदा हे चालू झाले की मागे फिरणे जवळपास नाही. सर्वसाधारणपणे शंभरातले दहाही परजीवी या वाटेला लागत नाहीत. सगळेच वळले तर माणसातला वंश संपेल. कोणीच न वळले तर डासात जाणार कोण?

हे प्रमाण आजूबाजूच्या परिस्थितीनुसार बदलते. माणसाच्या रक्तद्रवात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा एक मेद भरपूर असतो आणि परजीवी आपली पटले बांधायला तो उचलतो. २०१७ मध्ये असे दाखवले गेले की हा मेद कमी पडला की फॅल्सिपेरममध्ये गॅमेटोसाइटकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढते. तीव्र हिवतापात रक्तातला हा मेद खालावतो. म्हणजे घरातला शिधा सरत चालल्याची खूण मिळताच परजीवी काही पिल्ले बाहेरगावी धाडण्याची तयारी करतो. उंदराची बर्घेई जात मात्र या खुणेला दाद देत नाही. एका जातीचा नियम दुसरीला लावताना जपावे लागते, याचे हे चांगले उदाहरण.

नर व्हायचे की मादी, हाही प्रश्न गुणसूत्रांनी सुटत नाही. रक्तातल्या परजीवीत १४ गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि लिंग ठरवणारे वेगळे गुणसूत्र नसते. एकाच जनुकसंचातून नरही होतो आणि मादीही. फरक कोणती जनुके चालू आहेत यात असतो. फॅल्सिपेरममध्ये एमडी-१ हे जनुक नराचा मार्ग उघडते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. माद्या नरांपेक्षा कितीतरी जास्त असतात, बहुधा एका नरामागे तीन ते पाच. एक नर पेशी आठ युग्मके देते, मादी एकच, त्यामुळे हा हिशेब परजीवीला परवडतो.

फॅल्सिपेरमचा गॅमेटोसाइट पिकायला दहा ते बारा दिवस घेतो आणि त्या काळात तो बोटाच्या रक्तात दिसत नाही. कोवळ्या अवस्था अस्थिमज्जेत दडून असतात. त्यांची रक्तपेशी ताठ असते. फिरत्या रक्तात ती प्लीहेच्या अरुंद फटींत अडकेल. पाचव्या, शेवटच्या अवस्थेत पेशी पुन्हा लवचीक होते आणि चंद्रकोरीसारखा गॅमेटोसाइट रक्तात उतरतो. या लवचीकपणावरही संदेशरेणूचा ताबा आहे: पेशीतले सायक्लिक एएमपी वाढले की ती ताठ राहते. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी, व्हायाग्रा म्हणून प्रसिद्ध असलेले सिल्डेनाफिल देऊन पिकलेले गॅमेटोसाइट पुन्हा ताठ करून दाखवले, आणि प्लीहेची नक्कल करणाऱ्या बारीक मण्यांच्या गाळणीत ते अडकले. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीचे गॅमेटोसाइट इतकी वाट पाहत नाहीत. ते दोनतीन दिवसांत पिकतात, म्हणून व्हायवॅक्सचा रोगी दवाखान्यात पोचण्याआधीच डासांना लागण करून बसलेला असतो.

पिकलेला गॅमेटोसाइट काही दिवस, कधी काही आठवडे रक्तात फिरतो. अ‍ॅनॉफिलीसची मादी चावली आणि रक्ताच्या दोनतीन मायक्रोलिटरांत तो तिच्या पोटात गेला की त्याला तीन गोष्टी जाणवतात. तापमान निदान पाच अंशांनी उतरते. अल्कता वाढते. आणि झॅन्थुरेनिक आम्ल भेटते. हे आम्ल कीटकांत ट्रिप्टोफॅनच्या विघटनातून निघते; त्याच रासायनिक वाटेवर डासाच्या डोळ्यांचा रंगही तयार होतो. परजीवीला जागवणारा डासातला घटक म्हणजे हेच आम्ल, हे १९९८ मध्ये दोन गटांनी ओळखले. एक गट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा होता, ऑलिव्हर बिल्कर आणि रॉबर्ट सिंडन यांचा. पुढे एडिस डासाचा एक पांढऱ्या डोळ्यांचा वंश वापरून ताळा पाहिला गेला. त्याला हे आम्ल बनवता येत नाही. त्याच्यात कोंबड्यांच्या हिवतापाची लागण कमी भरली, पण अगदी थांबली नाही, कारण रक्तातले घटकही थोडा हातभार लावतात.

तापमान उतरणे आवश्यक, पण तेवढ्यावर भागत नाही. सोबत आम्ल किंवा वाढलेली अल्कता लागते. ही दुहेरी कडी शहाणपणाची आहे. थंडीच्या रात्री माणसाच्या बोटांच्या टोकांतले रक्त पाच अंशांनी सहज गार होते. तेवढ्यावर गॅमेटोसाइट जागा झाला तर तो माणसाच्या शिरेतच फुकट जाईल.

कडी निघाली की पुढचे सगळे धाडधाड होते. परजीवीत ग्वानिलिल सायक्लेज-अल्फा नावाचे मोठे विकर आहे. त्याच्याशी जोडलेले जीईपी-१ हे प्रथिन काढून टाकले, तर झॅन्थुरेनिक आम्ल दिले तरी नर आणि मादी दोन्ही ढिम्म राहतात. हे विकर सायक्लिक जीएमपी हा संदेशरेणू तयार करते. त्याने पीकेजी हे कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना चालना देणारे विकर, जागे होते. पीकेजीमुळे पटलातल्या विशिष्ट मेदांची उलाढाल वाढते, त्यांतून आयपी-३ हा आणखी एक संदेशरेणू सुटतो, आणि त्यामुळे पेशीच्या कोठारात साठवलेले कॅल्शियम एकदम बाहेर येते. उंदराच्या परजीवीत आम्ल भेटल्यापासून कॅल्शियम उसळेपर्यंत दहाएक सेकंद लागतात.

पीकेजी या साखळीत खरोखर मोक्याच्या जागी आहे का, हे तपासण्याची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पीकेजीच्या एका खाचेत बसून ते बंद पाडणारे संयुग मिळाले होते. ते दिले की गॅमेटोसाइट गोल होत नाहीत, म्हणजे जागेच होत नाहीत. पण संयुगाने आणखी दुसरेच काही बिघडवले नसेल कशावरून? म्हणून परजीवीच्या पीकेजीमध्ये एकच अमिनो आम्ल बदलले. खाचेच्या तोंडाशी थ्रिओनिन होते, तिथे जाडजूड ग्लुटामिन बसवले. आता संयुग खाचेत मावेना, पण कायनेजचे काम शाबूत राहिले. या बदललेल्या परजीवीला तेच संयुग दिले तेव्हा तो जणू काही झालेच नाही असा गोल झाला. २००८ मध्ये लंडनमध्ये फॅल्सिपेरमवर झालेल्या या प्रयोगाने शंकेला जागा ठेवली नाही.

कॅल्शियम सुटल्यानंतर नर आणि मादीचे मार्ग वेगळे होतात. नरात सीडीपीके-४ हे कॅल्शियमवर चालणारे कायनेज आहे. बिल्कर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदराच्या परजीवीतून ते काढून टाकले, तेव्हा नरात डीएनएची प्रत काढण्याचे कामच सुरू झाले नाही. माद्यांचे काही अडले नाही. कायनेज जागेवर असेल तर नर पेशी आठदहा मिनिटांत आपला डीएनए तीनदा दुप्पट करते, एकाचा आठपट. माणसाच्या पेशीला एकदाच प्रत काढायला सातआठ तास लागतात. त्याच वेळी पेशीच्या आत आठ शेपट्या विणल्या जातात. इतर पेशी शेपटी बाहेर वाढवत नेतात. हा परजीवी ती आतच पुरी करतो आणि मग युग्मकासकट बाहेर फेकतो. घाईचे काम असल्याने त्यात चुका बऱ्याच होतात. केंद्रक नसलेली, नुसती शेपटी असलेली युग्मकेही निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी एक रक्तपेशी थरथरताना दिसते, मग तिच्या भोवतीच्या पेशी हिसके खाऊ लागतात, आणि घोळक्याच्या मधोमध धाग्यांचा तो पुंजका वळवळताना दिसतो. कॅल्शियमचा इशारा मिळाल्यापासून इथवर उंदराच्या परजीवीला दहाबारा मिनिटे पुरतात, फॅल्सिपेरमला पंधरा ते वीस.

मादीला प्रती काढायच्या नसतात. तिने तयारी आधीच करून ठेवलेली असते. रक्तात फिरतानाच तिने पुढे लागणाऱ्या प्रथिनांचे संदेशक आरएनए लिहून ठेवलेले असतात, पण डोझी नावाचे प्रथिन ते दाबून धरते, त्यांचे वाचन होऊ देत नाही. प्रवासाचा शिधा गाठोड्यात बांधून दाराशी ठेवावा तसा हा प्रकार. डासात पोचल्यावर गाठ सुटते आणि पी-२५, पी-२८ यांसारखी प्रथिने पृष्ठभागावर येतात. नर आणि मादी दोघेही आता रक्तपेशी सोडून उघड्यावर असतात.

नराच्या पृष्ठभागावरचे पी-४८/४५ त्याला मादीशी चिकटवते. ते नसेल तर नर पोहतो पण गर्भधारणा होत नाही. चिकटल्यावर पटले एकजीव करण्याचे काम हॅप-२चे. हेच प्रथिन फुलझाडांच्या आणि हिरव्या शैवालांच्या नर युग्मकातही असते आणि त्याची घडण डेंग्यूसारख्या विषाणूंच्या पटल-जोड प्रथिनाशी जुळते. युग्मजात परजीवीच्या आयुष्यात एकदाच गुणसूत्रांचे दोन संच एकत्र येतात आणि लगोलग अर्धसूत्री विभाजन होते. दोन निराळ्या परजीवींची जनुके इथे सरमिसळ होतात. औषधांना न जुमानण्याची जनुकेही इथेच नव्या जोड्या बांधतात.

साधारण दिवसभरात युग्मजाचा सरकणारा ऊकिनेट होतो. मॅकॅलमला दिसलेली अळी ती हीच. तिला चालवायला पुन्हा सायक्लिक जीएमपी, पीकेजी आणि कॅल्शियमच लागते. फक्त विकर दुसरे, सायक्लेज-बीटा, आणि कायनेज सीडीपीके-३. हे सायक्लेज ऊकिनेटच्या पुढच्या टोकाशी एका जागी गोळा होते तेव्हाच सरकणे सुरू होते. ऊकिनेट जठराची भिंत भेदून तिच्या पलीकडे स्थिरावतो आणि ऊसिस्ट होतो, रॉस यांनी पाहिलेली अवस्था. हजारो गॅमेटोसाइटांतून शेवटी पाचाहून कमी ऊसिस्ट उरणे नेहमीचे आहे. परजीवीची संख्या सगळ्या चक्रात इतकी रोडावते ती इथेच. पुढे दहाचौदा दिवसांत एकेका ऊसिस्टमधून हजारो स्पोरोझॉइट निघून लाळग्रंथीत जातात.

उपचारांच्या दृष्टीने हीच अरुंद जागा महत्त्वाची. आर्टेमिसिनिनची औषधे ताप आणणारे परजीवी आणि कोवळे गॅमेटोसाइट मारतात. पाचव्या अवस्थेतल्या चंद्रकोरींवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन लागते. गडचिरोलीसारख्या फॅल्सिपेरमच्या जिल्ह्यात दुसऱ्या दिवशी दिली जाणारी त्याची एकच मात्रा रोग्याचा ताप उतरवण्यासाठी नसते, शेजाऱ्यासाठी असते. भारताच्या २०१३ च्या धोरणात ती किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम होती. जीसिक्सपीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी या औषधाने फुटतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ पासून ०.२५ मिलिग्रॅमची लहान मात्रा सुचवली आहे. नव्या औषधांसाठी दुसरे लक्ष्य म्हणजे सीडीपीके कुळातली कायनेजे; ती वनस्पतींत आहेत, माणसात नाहीत. शिवाय सीडीपीके-४च्या खाचेचे तोंड रुंद आहे, माणसाच्या बहुतेक कायनेजांचे चिंचोळे. त्यामुळे मुद्दाम फुगीर बांधा ठेवलेली संयुगे परजीवीच्या कायनेजात बसतात, आपल्यात नाहीत. अशा संयुगांनी नर युग्मके रोखून डासाची लागण थांबवता येते, हे २०१२ मध्ये दिसले.

लसीचा मार्ग याहून चमत्कारिक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ लस स्पोरोझॉइटांना, म्हणजे डास चावताच शिरणाऱ्या रूपाला अडवते. लैंगिक अवस्थांविरुद्धच्या लसीत माणसाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे डास रक्ताबरोबर पितो आणि ती त्याच्या पोटात, उघड्या पडलेल्या युग्मकांवर काम करतात. पीएफएस-२५, म्हणजे फॅल्सिपेरमचे पी-२५, हे असे एक लक्ष्य. ते फक्त डासातच उमटते, म्हणून पुन्हा झालेल्या लागणीने प्रतिपिंडे वाढत नाहीत. पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ ही प्रथिने माणसातल्या गॅमेटोसाइटमध्येही असतात आणि नैसर्गिक लागणीनंतर अनेकांत त्यांची प्रतिपिंडे सापडतात. मालीमध्ये पीएफएस-२३०च्या एका तुकड्याच्या चाचण्या झाल्या आहेत. अशी लस टोचून घेणाऱ्याला स्वतःला हिवतापापासून काहीच संरक्षण मिळत नाही. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२५ मध्ये उत्पादकांपुढे ठेवलेल्या अ‍ॅडफाल्सिव्हॅक्स या लसीत पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ यांचे तुकडे स्पोरोझॉइटच्या प्रथिनाला जोडून, लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधात वाढणाऱ्या जिवाणूकडून एकाच रेणूत बनवून घेतले आहेत.